हेडातली कणीक

मोरेश्वर खवसे हा माणूस मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. बाईने मनात ठेवून लिहिलं असं पुढे कुणी म्हणायला नको. मनात काही ठेवलेलं नाही, सगळं इथेच आहे.

नात्याने ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सौंसरला बसस्टँडच्या मागच्या अंगाला आमचं घर. पुढच्या आवारात त्यांचं गॅरेज, मागे आम्ही राहतो. मधे एक भिंत आणि त्या भिंतीत माझ्या स्वयंपाकघराची खिडकी. आमच्याकडे भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोने डोक्यावरून पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, नाव घ्यायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. बऱ्याच घरांतून ही पद्धत केव्हाच गेली. आमच्या घरातून गेली नाही, कारण ती भासऱ्यांच्या सोयीची होती. त्यांना बोलता येत होतं, मला उत्तर देता येत नव्हतं. मी शाळेत गणित शिकवते, दिवसभर घसा फोडते, आणि घरी आले की एका माणसापुरती मुकी होते.

ते तरी थेट कुठे बोलायचे! माझ्या देखत दुसऱ्याशी बोलायचे. लग्न होऊन आले त्या आठवड्यात हातभर बांगड्या घालून मी अंगणातून पाणी आणत होते. भासरे जीपखालून माझ्या नवऱ्याला ओरडले, "मंगेश, घरात बिना सायलेन्सरचं इंजिन आणलं काय रे?" गॅरेजात बसलेली सगळी माणसं हसली. माझा नवराही हसला. मंगेशला मी नंतर माफ केलं, कारण तो स्वभावाने गरीब आहे आणि त्याच्याशी संसार करायचा होता. भासऱ्यांशी संसार करायचा नव्हता, म्हणून त्यांना माफ करायचं काही कारण पडलं नाही.

भाजीचं तेच. आतल्या खोलीत ताट गेलं की थोड्या वेळाने आवाज यायचा, "भाजीत मीठ घालते का मिठात भाजी घालते, विचार तिले." ताट मात्र चाटूनपुसून परत यायचं.

गिऱ्हाइकांनाही ते सोडत नाहीत. पांढुर्ण्याचे एक संत्र्याचे व्यापारी आहेत, दादाजी म्हणतात त्यांना, वयाने भासऱ्यांपेक्षा मोठे. त्यांनी एकदा आपल्या गाडीसाठी नागपूरहून इंजिनाच्या सांध्यात बसवायचं पातळ गॅस्केट स्वतःच आणलं. चार पैसे वाचतील, एवढंच त्यांच्या मनात. भासऱ्यांनी ते गॅस्केट दोन बोटांत धरलं, उजेडात बघितलं आणि दादाजींच्या छत्रीच्या दांड्यात अडकवून दिलं. म्हणाले, "हे घरी न्या. नातवाले खेळाले होईन." म्हातारा माणूस लाल होऊन उठला. आठवड्याने तेच दादाजी गाडी ओढून घेऊन आले, कारण मोहगावापासून पांढुर्ण्यापर्यंत हेडाच्या कामाला दुसरं कुणी नाही. लोक ऐकून घेतात आणि परत येतात. त्यामुळे हा माणूस कधी सुधारला नाही.

हेड म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलेलं नाही. खिडकीतून इतकी वर्षं कानावर पडून कळलं. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड. त्यात वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, असतात, उघडतात आणि मिटतात. त्यांतून पेट्रोल-हवा आत येते, धूर बाहेर जातो. खाली पिस्टन वर-खाली धावत असतो. वाल खाली येतो आणि पिस्टन वर येतो, तेव्हा दोघांच्या मधे बारीकशी जागा राहिली पाहिजे. ती राहिली नाही तर वाल वाकतो, नाहीतर त्याची तबकडी तुटून आत पडते आणि धावतं इंजिन जागच्या जागी अडकतं. गाडी तेव्हा बैलगाडीच्या चालीने चालली असेल तर ठीक. नाहीतर आत बसलेल्या माणसाचं काय होईल, ते सांगायला गणिताची बाई नको.

भासऱ्यांचं नाव झालं ते इंजिनं बदलण्यात. शनिवारी-मंगळवारी जामसांवलीच्या मारुतीला सवाऱ्या नेणाऱ्या जीपगाड्यांत त्यांनी कुठकुठली इंजिनं बसवली. या गाडीचं त्या गाडीला, त्यावर तिसऱ्याच गाडीचं हेड. एका इंजिनावर दुसऱ्याचं हेड बसवलं की ती मधली जागा किती उरली, हे आधी मोजून बघावं लागतं. आत हात जात नाही, डोळा जात नाही. भासरे त्यासाठी कणीक वापरतात. पिस्टनच्या डोक्यावर कणकेचे छोटे गोळे ठेवायचे, वालांना तेलाचं बोट लावायचं, हेड चढवून आवळायचं, पान्याने इंजिन हाताने दोन वेळा फिरवायचं आणि हेड पुन्हा उतरवायचं. वालाने कणीक दाबलेली असते. तिथे ब्लेडने चिरून जाडी मोजली की मधली जागा कळली. दोन मिलिमीटरच्या खाली ते कधी गाडी सोडत नाहीत. एवढं मी कबूल करते.

ही कणीक त्यांना द्यायच्या विजयमालाबाई, त्यांची बायको, माझी जाऊ.

जाऊबाईंबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. हे घर मला सोसलं ते त्यांच्यामुळे. भासऱ्यांचा शब्द माझ्यापर्यंत यायचा तो त्यांच्या तोंडून, आणि वाटेत त्याची धार त्या काढून घ्यायच्या. "मिठात भाजी" माझ्यापर्यंत यायची ती "जरा हात आखडता घे म्हणतेत" अशी. माझं उत्तर तिकडे जायचं तेव्हा त्याचंही त्या असंच काहीतरी करत असणार.

गॅरेजातून हाक आली, "वं, कणीक!" की जाऊबाई उठायच्या. घरात परात भरून मळलेली कणीक असली तरी तिला हात लावायच्या नाहीत. डब्यातून मूठभर ज्वारीचं पीठ काढायचं, आधण ठेवायचं, उकळतं पाणी त्यावर घालायचं आणि त्या वाफेतच बोटं घालून मळायचं. गोळा जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, एका चेपलेल्या वाटीत ठेवून खिडकीतून द्यायचा. मी नवीन होते तेव्हा एकदा विचारलं, मळलेली कणीक समोर असताना हा उपद्व्याप कशाला?

त्या म्हणाल्या, "गव्हाची कणीक दाबली तं वापस फुगते वं. जवारी जशी दाबली तशीच रायते. त्याह्यले माप घ्यायचं हाय ना."

"हे त्याह्यले मालूम हाय?"

"त्याह्यले कणीक मालूम हाय. कायची, ते कायले पायजे त्याह्यले?" आणि बोटांवर फुंकर मारत त्या हसल्या.

जाऊबाई तापाने गेल्या, नागपूरच्या दवाखान्यात. मी त्यांच्याजवळ होते. डॉक्टरांनी घरच्यांना बोलवून घ्या म्हटलं तेव्हा मंगेशने फोन लावला. पलीकडून भासरे म्हणाले, "हेड उघडं हाय. बसवून येतो." बसवलं आणि मग आले. तोवर जाऊबाईंचे डोळे मीच मिटले होते. भासरे पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, बोटांना ग्रीस तसंच. ते रडले नाहीत. मला त्या दिवशी त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं होतं. मी काय केलं? डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला झाले.

त्यानंतर मधलं माणूसच उरलं नाही. मंगेश सकाळी कृषी खात्याच्या ऑफिसात जातो. मग भासरे भिंतीशी बोलायला लागले. "आज जेवण भेटन का उद्या?" हे भिंतीला. मी पातेलं आपटून उत्तर द्यायची. आमचं घर असं चाललं होतं.

आता ऋतुजाचं सांगते. ऋतुजा माझी एकुलती एक मुलगी. छिंदवाड्याला बँकेत नोकरी करते. चांगली नोकरी आहे, स्थळंही येतात, आणि ही मुलगी सुट्टीच्या दिवशी नागपूरजवळच्या मैदानावर धुळीत गाड्या पळवते. घड्याळ लावून पळवतात, कमी वेळ लागेल तो जिंकला. हे वेड तिला मोठ्या बाबांनी लावलं. पाय क्लचला पुरत नव्हते तेव्हा मांडीवर बसवून जीप शिकवली. मला ती "आई" म्हणते ते आईला म्हणावं तसं. त्यांना "मोठे बाबा" म्हणते तेव्हा तिच्या आवाजात कौतुक असतं. ते मला टोचतं. टोचतंच.

तिने एक जुनी जिप्सी घेतली. भासऱ्यांनी तिच्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून दिलं. ते आठ वालचं होतं. दोन मोसम तिने तीच पळवली, पण पहिल्या तिघांत कधी आली नाही. मग मोठ्या बाबांचं आणि पुतणीचं ठरलं की त्याच इंजिनावर सोळा वालचं हेड चढवायचं. वाल दुप्पट, इंजिनाचा श्वास दुप्पट. नागपूरहून हेड आलं, ते दाब वाढावा म्हणून मशिनवर घासून आणलं, पण त्याने मधली जागाही कमी होते. पिस्टन तेच जुने. पंधरा दिवस गॅरेजात तेच चाललं होतं. भासरे येईल त्याला सांगायचे, "पोरगी पुढच्या इतवारी पयली येते. लिहून घ्या." आणि मला ऐकू जावं म्हणून खिडकीकडे तोंड करून, "काही लोकायले पोरीनं पोया लाटाव्या असं वाटते."

मला तसंच वाटत होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकच मूल आहे मला.

शुक्रवारी संध्याकाळी मी शाळेतून आले. शनिवारी ऋतुजा नवं हेड चढवलेली गाडी घेऊन जामसांवलीला जाणार होती. आमच्याकडे नवी गाडी असो की नवं इंजिन, पहिली फेरी मारुतीला. नारळ फोडायचा आणि येताना मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून बघायची, असा तिचा बेत. नैवेद्याच्या पुऱ्या रात्रीच तळून ठेवायच्या म्हणून मी दुपारच्या सुट्टीत येऊन कणीक घट्ट मळून ठेवली होती. परातीवरचं फडकं उचललं तर त्यावर काळी बोटं उमटलेली आणि कणकेचा एक लचका तोडलेला. माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. टाकलं ते ग्रीसच्या हातांनी, देवाच्या कणकेत! मी सगळी कणीक गाईला घातली आणि पातेली इतक्या जोरात घासली की शेजारच्या बाईने काय झालं म्हणून विचारलं. पण लचका कशाला तोडला असेल, हे मी स्वतःला विचारलं नाही. राग आला की माणूस एवढंच बघतो की आपलं काय गेलं.

शनिवारी सकाळी पुन्हा कणीक मळून मी मागे कचरा टाकायला गेले. आवाराच्या भिंतीवर चिमण्या चोची मारत होत्या. भासरे माप घेऊन झालं की दाबलेली कणीक तिथे पाखरांना टाकतात. ज्वारीची असली की ती भुरकट दिसते आणि वाळून भुगा होते. ही पांढरट होती, चिवट, चिमण्यांना तुटत नव्हती. मी एक तुकडा उचलला. त्यावर वालाच्या तबकडीचा गोल ठसा होता. पण ठसा असा होता की असल्यासारखा आणि नसल्यासारखा. काठ विरघळलेले, मधला खळगा फुगून जवळजवळ वर आलेला.

तेवढ्यात पुढून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. जाऊबाई गेल्यापासून कणीक लागेल असं हेड गॅरेजात आलंच नव्हतं. हे पहिलं. कणीक देणारं माणूस नाही, तर हे आत आले आणि दिसेल ती तोडून घेऊन गेले. ती फुगली. फुगलेली कणीक चिरून त्यांनी जाडी मोजली आणि जागा भरपूर आहे म्हणून हेड पक्कं आवळलं. आणि त्या इंजिनामागे माझी मुलगी बसली होती.

मी तो तुकडा मुठीत घेऊन पुढे धावले.

गॅरेजात नेहमीची चार माणसं चहा पीत होती. ऋतुजा गाडीत, पट्टा लावून. तिच्या बाजूला केतन, रेसमध्ये तिला वळणं सांगणारा पांढुर्ण्याचा मुलगा, मांडीवर नारळ घेऊन. भासरे बोनेटवर हात ठेवून उभे होते. चेहऱ्यावर तो माज. इंजिन खरंच सुरेख चाललं होतं. मी सरळ जाऊन फाटकात उभी राहिले. पदर डोक्यावर होता का नव्हता, मला आठवत नाही.

भासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ऋतू, तुह्या आईले सांग, बाजूले हो म्हणा. गाडी निंगून राहिली."

मी म्हटलं, "ऋतू, तुह्या मोठ्या बाबाले सांग, गाडी निंगत नाही."

चहावाले हसायला लागले. ऋतुजा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"तिले म्हणा, घरात काम नसन तं झाडू मार. माणसायच्या कामात कायले येते?"

मला त्यांना हाक मारायची होती, आणि त्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात कधी वेळ आली नव्हती. मग वर्गात हजेरी घेते त्या आवाजात मी ओरडले, "अहो, मोरेश्वर खवसे! काल हेडात कायची कणीक घातली होती तुमी?"

चहा थांबला. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याचं नाव घेतलं, तेही आडनावासकट, चार माणसांत. भासऱ्यांचा चेहरा काळानिळा झाला. तरी ते माझ्याशी बोलले नाहीतच. ऋतुजाला म्हणाले, "कणीक ते कणीक. तिच्यात आठ वालची अन् सोळा वालची असते काय? डोकं फिरलं तुह्या आईचं. चाल, काढ गाडी."

केतन हळूच म्हणाला, "काकू, आवाज तं मस्त येऊन राहिला."

"आता हळू फिरून राहिलं म्हणून. रोडवर ही मिनिटाले सात हजार फेऱ्यायवर नेईन, तवा वाल टायमावर मिटणार नाही अन् पिस्टनले भेटन. मंग तुह्या हातातला नारळ कोण फोडन?"

"काढ म्हटलं ना गाडी!" भासरे बोनेटवर हात आपटत ओरडले.

ऋतुजाने चावी फिरवली. इंजिन बंद झालं. तिने बंद केलं. मोठ्या बाबांच्या तोंडासमोर, त्यांचा हात बोनेटवर असताना. ती म्हणाली, "मोठे बाबा, एक डाव आईचं आयकून घ्या." मला त्या क्षणी आनंद झाला. मुलीचा जीव वाचल्याचा झाला, आणि त्यांचं तोंड पडल्याचाही झाला. दोन्ही झाले, खोटं कशाला बोलू?

मी आत जाऊन परातीतल्या कणकेचा गोळा आणला. आधण ठेवलं, ज्वारी मळली. चटके बसले. दोन गोळे त्यांच्या कामाच्या टेबलावर मांडले. तिथेच पडलेला एक जुना वाल उचलला आणि दोन्ही गोळ्यांवर सारखा दाबला, पार टेबलाला टेकायच्या बेताला. मग हात मागे घेतला.

ज्वारीचा गोळा मी दाबला तसाच बसून राहिला, वालाचा काठ न् काठ त्यावर उमटलेला. गव्हाचा हळूहळू वर यायला लागला. आमच्या डोळ्यांदेखत आला. चहावाल्यांतला एक म्हणाला, "अरे बापा." भासरे पुढे झाले, खिशातून जाडी मोजायचं व्हर्निअर काढलं, दोन्ही गोळे चिरले, मोजले. पुन्हा मोजले.

मग म्हणाले, "ऋतू, बोनेट उघड."

इंजिन थंड होईपर्यंत ते पाठ करून बसले. दुपारनंतर हेड उतरलं. मी ज्वारीचा आणखी गोळा दिला, खिडकीतून, त्याच वाटेने. हेड पुन्हा चढलं, हाताने इंजिन फिरलं, हेड उतरलं. पिस्टनवरून त्यांनी कणीक ब्लेडने अलगद उचलली आणि उजेडात धरली. वालाने दाबलं होतं तिथे ती इतकी पातळ झाली होती की पलीकडचा उजेड दिसत होता.

ते तशीच धरून उभे राहिले. मी खिडकीत होते. त्यांनी मान वळवली आणि, ना मंगेशमार्फत, ना ऋतुजामार्फत, ना भिंतीला, सरळ मला विचारलं, "तिनं मले कधी सांगितलं काहून नाही?"

इतक्या वर्षांतलं त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य, आणि तेही जाऊबाईंबद्दल. मी किती उत्तरं साठवून ठेवली होती! बांगड्यांचं, मिठाचं, दवाखान्यातल्या त्या दिवसाचं. त्यातलं एकही मला सापडलं नाही. मी म्हटलं, "तुमी कधी विचारलं?"

त्यांनी खिडकीकडे पाठ केली.

आता कुणाला वाटेल, यानंतर हा माणूस बदलला. मुळीच नाही. रविवारची रेस बुडाली, तर "बाईच्या तोंडानं पोरीची रेस गेली" हे त्यांनी पार पांढुर्ण्यापर्यंत सांगितलं. वालापुरते खळगे पाडायला पिस्टन लेथवर पाठवले, तेव्हा तिथल्या माणसाला म्हणाले की हे मला आधीच करायचं होतं. आभार वगैरे शब्द त्यांच्या तोंडाला ठाऊक नाहीत, आणि आले असते तर मी घेतलेही नसते. दवाखान्यातला तो फोन मी विसरलेली नाही. विसरणार नाही.

पिस्टन खळगे पाडून आले. पुन्हा माप घ्यायचं होतं. मी सकाळी शाळेत जायच्या गडबडीत होते. भिंतीला हाक येईल, मी पातेलं आपटेन, अशी वाट बघत होते. हाक आली नाही. वळून बघितलं तर भासरे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे. हातात ती जर्मनची चेपलेली वाटी. जाऊबाई गेल्यापासून तिच्यात गॅरेजात नटबोल्ट पडलेले असत. ती घासून स्वच्छ केली होती. हातही कोपरापर्यंत धुतलेले होते. त्यांचे धुतलेले हात मी पहिल्यांदा बघत होते.

म्हणाले, "जवारी कशी मळते, ते दाखव. मी मळतो."

मी पीठ त्यांच्यासमोर ठेवलं. आधणाला उकळी आणली. ते उकळतं पाणी मी पिठावर ओतलं आणि मागे सरले. हात कसा घालायचा, आधी पळीने हलवून घ्यायचं, बोटांना गार पाणी लावायचं, यातलं मी काही सांगितलं नाही. सांगायची इच्छाच नव्हती. भाजू दे, म्हटलं.

त्यांनी थेट हात घातला. आयुष्यभर तापलेल्या सायलेन्सरला हात लावणारा माणूस, पण पीठ बोटांना चिकटतं, चिकटून भाजतं. त्यांचा हात एकदम मागे आला. बोटं लाल झाली होती. त्यांनी बोटांकडे बघितलं, मग वाटीकडे.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"तुमी मागितली तवा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा हात घातला आणि गोळा होईपर्यंत बाहेर काढला नाही. ओरडले नाहीत. जाऊबाईही कधी ओरडल्या नव्हत्या.